आयत्या वेळी येणारे विषय

सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस ज्यानं आयुष्यात एकदा वाचली आहे, त्याला तिचा शेवटचा विषय पाठ असतो: मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे. आम्हा वारणानगरकरांना तो 'शुभं करोति'च्या आधी येतो. इथं ऊस सहकारात, दूध सहकारात, बँक सहकारात आणि घरातली साबणाची वडीसुद्धा सहकारी बाजारातली. तात्यासाहेब कोऱ्यांनी १९५०च्या दशकात या माळावर साखर कारखान्याचा घाट घातला, तेव्हापासून या भागात कुणी एकट्यानं काही केल्याचं ऐकिवात नाही. पोरं वाद्यं वाजवायला लागली तर त्यांचाही बालवाद्यवृंद झाला आणि तो नावाजला गेला. १९९८ साली तर परिसरातली सत्तरएक गावं संगणकानं एकमेकांना जोडायचा प्रकल्प निघाला. सगळं विषयपत्रिकेप्रमाणं, सूचक-अनुमोदकासह.

अशा गावात राहून मी शेळी पाळली. शेळी म्हणजे चार पायांवर उभा असलेला आयत्या वेळचा विषय. तो अध्यक्षांच्या परवानगीची वाट बघत नाही.

शेळी का घेतली, याचं उत्तर दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर आहे. पगारदार माणसाला चाळिशीनंतर जोडधंद्याचा झटका येतो आणि तो आला की आधी पेन्सिल हातात येते. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. दोन वर्षांत तीन वेतं. उस्मानाबादी जात असेल तर बऱ्याचदा जुळी. म्हणजे दोन वर्षांत सहा करडं. त्यातल्या तीन पाटी धरू. त्या मोठ्या होणार, त्यांना प्रत्येकी पुन्हा सहा. पाचव्या वर्षाशी पान संपलं, पण शेळ्या संपेनात. २०१९च्या पशुगणनेप्रमाणं महाराष्ट्रात एक कोटीच्या वर शेळ्या आहेत. माझी पेन्सिल ज्या वेगानं चालली होती, तो पाहता पुढच्या गणनेत शासनाला माझं घर वेगळं मोजावं लागलं असतं. या हिशेबात एकही शेळी आजारी पडत नव्हती, एकही करडू दगावत नव्हतं आणि खाद्याच्या रकान्यात 'इकडचा तिकडचा पाला: शून्य रुपये' असं लिहिलं होतं.

हिनं पान वाचलं. "सगळं बरोबर आहे. फक्त लेंड्या कोण काढणार, तो रकाना दिसत नाही."

जातीचा विषय निघाला तेव्हा सल्लागारांची कमतरता पडली नाही. एक म्हणाला संगमनेरी घ्या. दुसरा म्हणाला, पावसाचा भाग आहे, कोकण कन्याळच घ्या. तिसरा थेट आफ्रिकेत पोचला, "बोअर घ्या, बोअर! फलटणच्या निंबकर संस्थेनं आणलीय ती." या तिघांच्याही दारात शेळी नव्हती. शेळीबद्दल अत्यंत ठाम मतं असायला शेळी नसणं ही पहिली अट आहे. ज्यांचा जन्म शेरडांमागं गेला, ते आमचे ओळखीचे धनगरमामा नुसते हसले आणि "घ्या की," म्हणाले. त्या 'की'मध्ये काय काय होतं, ते कळायला मला पुढचं सगळं सोसावं लागलं.

वडगावच्या बाजारात आम्ही दोघं गेलो. दलालानं एका काळ्या शेळीचा जबडा फाकवून दाखवला. "दोनदाती हाय बगा सायेब. कवळं जनावर."

ही वाकून बघायला लागली. "आणि वरचे?"

"वरचे नसत्यात."

"नसत्यात म्हणजे? पडले?"

मग तिनं माझ्याकडं बघितलं. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथं नुसती टणक हिरडी असते, हे मला आधीपासून ठाऊक होतं असा चेहरा मी केला. दलालाला बिचाऱ्याला दया आली. म्हणाला, "वैनी, वरचं दात दिलं असतं देवानं, तर तुमचं घरबी जाग्याव ऱ्हायलं नसतं."

भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरला. त्यानं माझी कोणती बोटं दाबली, ते रुमालाखाली कळलं नाही. पैसे मोजताना कळलं.

रंग काळाकुळकुळीत आणि कानांवर पांढरे ठिपके, म्हणून मुलीनं नाव ठेवलं चांदणी. रात्री नऊला चांदणी ओरडायला लागली. शेळी कळपातलं जनावर. तिला एकटीला बांधलं की ती जगाला कळवते. साडेनऊला शेजारचे आले, दहाला समोरचे आले, सव्वादहाला ज्यांच्याशी आमचं बोलणं नव्हतं तेही आले.

"काय झालंय हो तिला?"

"एकटं वाटतंय."

"मग आम्ही काय करावं?"

ते कुणालाच सुचेना. शेवटी आईनं गोठ्यात खाट टाकली. पाच मिनिटांत चांदणी गप्प झाली आणि सहाव्या मिनिटाला आई घोरायला लागली. दुसऱ्या दिवशी आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि खाटेवर माझी नेमणूक झाली. मी तिथंच आहे ना, याची चांदणी रात्रभर खात्री करून घ्यायची आणि त्यासाठी माझं पांघरूण ओढून बघायची. खात्री पटली तरी पांघरूण परत मिळत नसे, कारण तोवर त्याची कड खाऊन झालेली असे. यावर गावानं एकमुखानं तोडगा काढला: दुसरी शेळी घ्या. वहीत ज्या शेळ्या पाच महिन्यांनी दुप्पट व्हायच्या होत्या, त्या आठवड्याभरातच दुप्पट झाल्या. रोख पैसे देऊन.

दुसरी तांबडी, स्वभावानं गरीब. पहिल्या दिवशी दोघींत निवडणूक झाली. मेंढा लांबून पळत येऊन धडक देतो. शेळीची तऱ्हा वेगळी. ती मागच्या दोन पायांवर ताठ उभी राहते, मान तिरकी करते आणि वरून शिंगं उतरवते. दर डिसेंबरात वारणेच्या कुस्ती मैदानाला जाणारा मी माणूस, पण इतका झटपट निकाल तिथंही पाहिला नाही. दोन टकरांत तांबडीनं अर्ज मागं घेतला आणि चांदणी बिनविरोध चेअरमन झाली. तेव्हापासून पाण्यावर, गव्हाणीवर, दारातून आत-बाहेर करताना आधी चांदणी, मग तांबडी. तिसरा नंबर माझा, हे मी एकदा मध्ये घुसलो तेव्हा मांडीला कळलं.

"शेरडाला काय, काहीबी खातंय," हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, त्याला मी शोधतोय. हंगामात आमच्याकडं उसाचं वाडं रस्त्यावर पडलेलं असतं. म्हशी त्यावर तुटून पडतात. चांदणीनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. शेळी जात पाल्याची. मान वर करून, मागच्या पायांवर उभं राहून फांदी ओरबाडणं हे तिचं जेवण. खाली मान घालून चरण्यात तिला कमीपणा वाटतो. गव्हाणीतली वैरण ती मांडवातल्या वरमाईच्या नजरेनं तपासते. वरच्या ओठानं एकेक पान उलटंपालटं करते, देठ बाजूला काढते आणि कोवळा शेंडा तेवढा घेते. घास खाली पडला आणि त्यावर पाय पडला, मग तो पाय तिचा स्वतःचा का असेना, तर तो घास पुन्हा तोंडात घेत नाही. एवढं सोवळं आमच्या आजीनंही पाळलं नव्हतं.

आणि हीच चांदणी दावं सुटलं की काय खाते? पायपुसणं. मुलीच्या भूगोलाच्या वहीचा पुठ्ठा. दोरीवरच्या माझ्या बनियनचा खांदा. एका संस्थेचा वार्षिक अहवाल. त्यातलं अध्यक्षांचं मनोगत तिनं फोटोसह संपवलं आणि ताळेबंदाला तोंडही लावलं नाही. तिला नावं ठेवणार तरी कसा? आम्ही सभासद वेगळं काय करतो? मनोगतापर्यंत वाचतो, फोटो बघतो आणि "मंजूर, मंजूर" म्हणून जेवणाच्या रांगेत उभे राहतो.

शेजारी निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांचा गुलाबांचा वाफा कॉलनीत प्रसिद्ध होता. 'होता' हा शब्द त्यांनीच एके संध्याकाळी फाटकाशी येऊन वापरला.

"तुमची शेळी आमच्याकडं आली होती."

"अरेरे! काही खाल्लं का हो तिनं, सर?"

"काही शिल्लक ठेवलं का, असं विचारा."

काट्यांचं तिला काही नाही. बोरी-बाभळीवर पोसलेल्या तोंडाला गुलाबाचा काटा म्हणजे मुखशुद्धी. मी सरांना नवी कलमं आणून दिली. चांदणीनं ती वेळोवेळी तपासली.

पावसाळा आला आणि चांदणीचं राहणीमान उंचावलं. आमच्याकडचा पाऊस आला की चार-चार दिवस हटत नाही. म्हैस त्या पावसात निवांत उभी राहून रवंथ करते. शेळीला मात्र अंगावर पाण्याचा थेंब सोसत नाही. पन्हाळ्याकडून ढग निघाला की चांदणी दावं उपसून स्वयंपाकघराच्या दारातून आत येते आणि सोफ्यावर बसते. एकदा संध्याकाळी ही बाजारातून आली, तेव्हा सोफ्याच्या एका टोकाला चांदणी होती आणि दुसऱ्या टोकाला मी.

"आधी तिला बाहेर काढा."

"अगं, बाहेर पाऊस आहे."

"पाऊस आहे हे मला माहीत आहे. मी त्यातूनच आलेय."

तिच्या छत्रीतून पाणी ठिबकत होतं. आम्ही दोघांनीही तिकडं पाहिलं. त्या दिवशी घरात कोण कोरडं आहे आणि कोण ओलं, या मुद्द्यावर जी चर्चा झाली, तिचं इतिवृत्त मी ठेवलेलं नाही.

शेळीचं दुसरं वेड उंचीचं. तिचे पूर्वज इराणकडच्या डोंगरांत कडेकपारींना राहणारे. माणसानं त्यांना माणसाळवून दहाएक हजार वर्षं झाली, पण उंचावर उभं राहून खाली बघायची सवय गेलेली नाही. आमच्याकडं कडा नाही. त्यामुळं जिना, पाण्याच्या टाकीचा कठडा, सरांची स्कूटर आणि तुळशी वृंदावन यांवर भागवून घ्यावं लागतं. पुतणीला बघायला सांगलीकडचे पाहुणे आले, तेव्हा चांदणीला प्रथमच मनासारखी जागा मिळाली. त्यांची गाडी कोरी होती आणि पुढं झेंडूचा हार होता. कांदेपोहे सुरू असताना मुलाच्या वडिलांचं लक्ष खिडकीकडं गेलं.

"तुमची शेळी आमच्या गाडीवर उभी आहे."

"उतरेल ती."

"कधी?"

"हार संपला की."

पोह्यांच्या बश्या तशाच राहिल्या. मंडळी अंगणात आली. चांदणीनं बॉनेटवरून सगळ्यांकडं एकवार पाहिलं, शेवटचं फूल चावलं आणि छतावर गेली. मी "चांदणी, ये बाळ," म्हणत होतो आणि मुलाचे मामा पत्रा किती चेपला ते बोटानं चाचपत होते. तरीही लग्न जमलं. मुलाची आजी म्हणाली, "ज्या घरात शेळीसुदिक कुणाचं ऐकत न्हाई आनि तरीबी कुणी तिला मारत न्हाई, त्या घरची पोरगी सोशिक असनार." आमच्या घराण्याचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं.

शेळी हट्टी आहे म्हणून मंद असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्या गोठ्याची कडी बघावी. ती तोंडानं काढायला चांदणीला जेवढा वेळ लागतो, तेवढा मला हातानं लागतो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेळ्यांपुढं खाऊचा डबा ठेवला, पण तो उघडणार नाही अशी सोय केली. शेळ्यांनी थोडी खटपट केली आणि मग मान वर करून शेजारच्या माणसाकडं पाहायला सुरुवात केली: उघड की! कुत्र्याघोड्यांत दिसणारी ही समज शेळीतही आहे, असा निष्कर्ष निघाला. मी हे घरात वाचून दाखवलं. ही म्हणाली, "बघा. स्वतःला जमत नसलं की दुसऱ्याला विचारावं, हे शेळीला कळतं." नंतर बराच वेळ ती आमच्या मिक्सरकडं बघत होती. तो मी स्वतः दुरुस्त केला होता.

त्याच संशोधकांपैकी काहींनी २०१८ मध्ये आणखी एक शोध लावला. हसऱ्या आणि रागीट चेहऱ्यांचे फोटो लावले, तर शेळ्या हसऱ्या फोटोकडं आधी जातात. म्हणून मी रोज सकाळी गोठ्यासमोर उभा राहून हसायला लागलो. कुंपणापलीकडून सरांनी विचारलं, "कुणाला हसताय?"

"शेळीला."

"बरं."

दुपारी त्यांनी हिला बाजूला घेऊन माझ्या झोपेची, भुकेची आणि ऑफिसातल्या ताणाची आस्थेनं चौकशी केली.

आता दुधाकडं वळू. गांधीजींनी दूध न घेण्याचं व्रत घेतलं होतं. १९१९च्या सुमारास मोठ्या दुखण्यात कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, शेळीचं दूध घ्यायला काय हरकत? गांधीजींनी ते घ्यायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी, १९२० साली, देशभर असहकार पुकारला. या दोन घटनांचा संबंध इतिहासकारांनी जोडलेला नाही. त्यांच्यापैकी कुणी शेळीची धार काढलेली नसावी. चांदणी धारेला उभी राहते, पहिल्या चार धारा देते, दूध भांड्याच्या निम्म्यात आलं की शांतपणे त्यात पाय ठेवते आणि मग सत्याग्रहीच्या निश्चयानं खाली बसते. उरलेलं फुलपात्रभर दूध आई पिते. ते पचायला हलकं असतं. शेळीच्या दुधातले स्निग्धकण इतके बारीक, की म्हशीच्या दुधागत जाड साय त्यावर धरत नाही. श्रीखंडाच्या गावात राहून ज्याचा चक्का करायचा धीर होत नाही असं दूध माझ्या वाट्याला आलं.

यथावकाश चांदणी माजावर आली, म्हणजे शेपूट हलवत पुन्हा एकदा सगळ्या कॉलनीला ओरडून कळवू लागली. धनगरमामांच्या ओळखीनं बोकड गाठला. बोकड माजात असला की स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर स्वतःच मुततो. हे त्याचं अत्तर. शेळ्यांना ते फार आवडतं. मला ते सदरा तिसऱ्यांदा धुतल्यावरही येत होतं. बोकडाचा मालक मात्र अभिमानानं सांगत होता, "वास बगा कसा हाय! खानदानी!"

पाच महिन्यांनी जुळं झालं, एक पाट आणि एक बोकड. माझा हिशेब पहिल्यांदाच वहीप्रमाणं निघाला. मामा बघायला आले आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "बोकडाला नाव ठिवू नगा. नाव ठिवलं की इकवत न्हाई."

तोवर त्याचा बंड्या झाला होता. बंड्या चारही पाय एकदम उचलून हवेत उडायचा, आडवा होऊन भिंतीवर पाय टेकवायचा आणि आईच्या मांडीवर उतरायचा. थोडा मोठा झाल्यावर गिऱ्हाईक आलं. त्यानं बंड्याला उचलून वजनाचा अंदाज घेतला, पाठीवरून हात फिरवला आणि बरा आकडा सांगितला. मुलगी रडायला लागली. ही आत निघून गेली. आई उंबऱ्यात येऊन गिऱ्हाइकाला म्हणाली, "बाबा, नातवंडं इकत्यात व्हय कुठं?" गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं. मीही गहिवरलो होतो. संपूर्ण घरानं त्या दिवशी भूतदयेचा ठराव एकमतानं मंजूर केला.

तो शनिवार होता. रविवारी सकाळी आईनं डबा हातात दिला. "चापाचं आण. आणि पालव्याचं बघून घे, जून देतंय मेलं." कोल्हापूर जिल्ह्यात रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा विषय कुठल्याही सभेत नामंजूर होत नाही. मी रांगेत उभा राहिलो. नंबर आला, तसं तराजूत मटण टाकता टाकता दुकानदार म्हणाला, "सायेब, तुमच्या घरी झकास पालवं हाय म्हनं. देत न्हाईसा म्हनं."

"नाही हो. ते घरचं आहे."

"मग ह्ये काय आभाळातनं पडलंय?"

मागं रांगेत हशा झाला. सगळेच हसले. त्यातल्या तिघांच्या घरी नाव ठेवलेले बोकड आहेत, हे मला माहीत आहे. उत्तर सुचेना, म्हणून मी अर्धा किलो जास्त घेतलं.

तर मंडळी, शेळी पाळायची असेल तर जरूर पाळा. एक घेऊ नका, दोन घ्या. गोठा उंचावर आणि कोरडा ठेवा. पीपीआरची आणि आंत्रविषाराची लस जनावरांच्या डॉक्टरांना विचारून वेळेवर टोचून घ्या. वैरण खाली टाकू नका, उंच टांगा. पाहुण्यांना गाडी पुढच्या चौकात लावायला सांगा. बोकडाला नाव ठेवायचं असेल, तर मटण आणायला दुसऱ्या गावाला जा. आणि एवढं वाचूनही हौस फिटली नसेल, तर आमच्याकडं या. करडं दाखवू, विकणार नाही. येताना सुबाभळीचा पाला तेवढा आणा, रिकाम्या हातानं आलेल्या माणसाला चांदणी घरात घेत नाही.